हरताळ आणि काळी पट्टी

‘तत्त्वांना हरताळ फासला’, ‘दिलेल्या वचनाला हरताळ फासला’ असे शब्दप्रयोग आपण नित्य बोलतों व लिहितों. परंतु हा हरताळ कोणता, तो कोणीं व कशावर फासावयाचा, याचा विचार बोलतांना क्वचितच कोणाच्या मनांत येत असेल. दुकानें बंद ठेवण्याचा जो हरताळ, त्याशीं याचा कांहीं संबंध नाहीं. हा हरताळ म्हणजे संस्कृतांतील ‘हरिताल’, आर्सेनिक व गंधक यांच्या संयोगानें झालेलें एक पिवळें खनिज. पोथ्या लिहिणारे लेखक तें बारीक वाटून व डिंकाच्या पाण्यांत खलून जवळ ठेवीत. लिहितांना चूक झाली म्हणजे चुकलेल्या अक्षरांवर त्याचा लेप देत, आणि लेप वाळला म्हणजे त्यावरच शुद्ध अक्षर लिहीत. पोथीचा कागद बहुधा पिवळसर असल्यामुळें ही दुरुस्ती डोळ्यांत भरत नसे. हरताळ फासला म्हणजे लिहिलेलें रद्द झालें. आणि याच अर्थानें तो शब्द पोथींतून बाहेर पडून तत्त्वें, वचनें व करार यांच्यापर्यंत येऊन पोहोंचला.

हस्तलिखितें हाताळणाऱ्यांस या हरताळाचा एक स्वभाव मात्र चांगला ठाऊक असतो. तो अक्षर झांकतो, पुसत नाहीं. काळ लोटला म्हणजे लेपाचा पापुद्रा सुटूं लागतो, आणि खालचें मूळ अक्षर पुन्हां वर डोकावतें. लेखकाला जें लपवावयाचें होतें तेंच नेमकें संशोधकाच्या हातीं लागतें, व ‘हरताळाखालील पाठ’ म्हणून तो त्याची नोंदही करतो. पोथ्यांचा व बोरूचा काळ संपल्यावर हरताळाचा हा स्वभाव कोणास आठवण्याचें कारण नव्हतें. आम्हांस तो आठवला तो एका लाजिरवाण्या प्रसंगामुळें. आणि तो प्रसंग सांगितल्यावांचून या लेखाचें प्रयोजन वाचकांस कळणार नाहीं.

आम्ही ज्या महाविद्यालयांत शिकवितों तेथें गरजू विद्यार्थ्यांस साहाय्य देण्याचें काम कांहीं वर्षें आमच्याकडे होतें. देणगीदारांस, आपला पैसा कोणत्या प्रकारच्या अडचणींत उपयोगीं पडतो हें कळावें, म्हणून आम्हीं आलेल्या अर्जांचा एक गोषवारा तयार केला. त्यांत घरची मिळकत, वडिलांचें आजारपण, डोक्यावरचें कर्ज, असा मजकूर होता. कोणाचें नांव उघडें पडूं नये म्हणून आम्हीं स्वतः संगणकापुढें बसून प्रत्येक नांवावर एकेक काळी पट्टी ओढली, ती पीडीएफ फाइल सर्वांस पाठवून दिली, आणि काम दक्षतेनें पार पडलें अशा समाधानांत झोपीं गेलों. दोन दिवसांनीं एक विद्यार्थिनी आमच्या दाराशीं येऊन उभी राहिली. “सर, त्या काळ्या पट्टीवरून बोट ओढून मजकूर उचलला आणि दुसरीकडे चिकटवला, कीं खालचें सगळें वाचतां येतें,” एवढेंच ती म्हणाली. ती रागावली नव्हती. रागावली असती तर आम्हांस बरें वाटलें असतें. वडिलांचें दुखणें तिनें वर्गांत कोणालाही सांगितलें नव्हतें, आणि आतां तें वर्गांत सर्वांना ठाऊक झालें होतें.

आम्हीं हरताळ फासला होता, आणि अक्षरें पुसलीं अशा समजुतींत होतों. त्या दिवसापासून, लिहिलेलें नाहींसें करण्याचा मनुष्याचा उद्योग किती जुना व किती फसवा आहे हें पाहण्याची बुद्धि आम्हांस झाली. पाहतां पाहतां असें ध्यानांत आलें कीं, झांकणें, खोडणें व नाहींसें करणें या तीन भिन्न क्रिया असून मनुष्य बहुधा त्यांतील एक करतो आणि दुसरी केली असें समजतो.

हरताळाचा मार्ग हा झांकण्याचा झाला. दुसरा मार्ग खरवडण्याचा. युरोपांत कागद येण्यापूर्वीं ग्रंथ चर्मपत्रांवर लिहीत, आणि एका ग्रंथासाठीं कित्येक जनावरांचीं कातडीं लागत. त्यामुळें जुन्या ग्रंथाचीं अक्षरें धुऊन व खरवडून त्याच पानांवर नवा ग्रंथ लिहिण्याची चाल तिकडे पडली. ग्रीक गणिती आर्किमिडीज याच्या ग्रंथांची दहाव्या शतकांत नकललेली एक प्रत अशीच एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या हातीं गेली. त्यानें तिचीं पानें सुटीं केलीं, खरवडलीं, मध्यें कापून आडवीं दुमडलीं, आणि १२२९ सालीं त्यांवर प्रार्थना लिहून काढल्या. त्यानें हें कांहीं गणिताच्या द्वेषानें केलें नाहीं. त्याला कातडें हवें होतें. पुढें १९०६ सालीं हायबर्ग नांवाचा डेन्मार्कचा पंडित कॉन्स्टँटिनोपल येथें ती प्रार्थनापोथी भिंग घेऊन पाहूं लागला, तेव्हां प्रार्थनांच्या ओळींखालून आडव्या दिशेनें आर्किमिडीज बोलूं लागला. आणि त्यांत त्याचा असा एक ग्रंथ निघाला कीं ज्याची दुसरी प्रत जगांत कोठेंही नव्हती. मध्यंतरीं ही पोथी दृष्टीआड झाली होती. १९९८ सालीं ती न्यूयॉर्क येथें लिलावांत वीस लक्ष डॉलरांस विकली गेली, व नंतर बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयांत तिचा अभ्यास झाला. निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशांत तिचीं छायाचित्रें घेतलीं. जेथें प्रकाश हरला तेथें क्ष-किरणांनीं, शाईंत असलेल्या लोहाच्या अंशावरून, गेलेलीं अक्षरें शोधून काढलीं. रोमन वक्ता सिसेरो याचा राज्यव्यवस्थेवरचा ग्रंथही १८१९ सालीं व्हॅटिकनच्या ग्रंथालयांत असाच एका धार्मिक भाष्याखालीं सांपडला. खरवडणाऱ्यानें शाईचा वरचा थर काढला होता. कातड्यानें जी शाई पिऊन घेतली होती ती त्याच्या सुरीला लागली नाहीं.

आमच्याकडे याच प्रश्नाचा विचार पंडितांहून अधिक व्यवहारशास्त्रानें केला. कारण दस्तऐवजांतील एक अक्षर इकडचें तिकडे झालें कीं शेत जातें, वतन जातें. याज्ञवल्क्यस्मृतींत, लेख परदेशीं राहिला, वाचतां येईनासा झाला, हरवला, पुसला गेला, चोरीस गेला, फाटला, जळला किंवा तुटला, तर काय करावें याचा नियम आहे. तो असा कीं, दुसरा लेख करावा. पुसलेल्या जागीं अक्षरें भरून जुनाच कागद चालू ठेवावा असें स्मृतिकार म्हणत नाहीं. या एका शब्दांत मोठें शहाणपण आहे, व तें लेखाच्या शेवटीं आम्हांस पुन्हां उपयोगीं पडणार आहे.

मराठेशाहीच्या दप्तरांत याच्या पुढची पायरी दिसते. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर माथ्याला मुख्य मुद्रा असे व मजकूर जेथें संपे तेथें ‘मर्यादेयं विराजते’ ही लहान मुद्रा उठवीत. येथें मर्यादा झाली, इतकाच तिचा अर्थ. परंतु त्या मुद्रेच्या खालीं पुढें कोणीं एक ओळ जरी घातली तरी ती महाराजांची नव्हे, हें अक्षरशत्रूलाही कळे. कागदाचे बंद एकास एक जोडून केलेल्या लांब सनदांच्या पाठीवर, जोडाच्या ठिकाणीं, शिक्का मारीत. मधला बंद काढून दुसरा घातला तर शिक्क्याचे दोन अर्ध जुळूं नयेत ही त्यांतली युक्ति. शब्दांत जागा न सोडतां सलग लिहिलेल्या मोडीच्या ओळींत नवा शब्द घुसडणेंही सोपें नव्हतें. इतकें असूनही बनावट कागद झालेच. जुन्या राजांच्या नांवानें मागाहून कोरलेल्या ताम्रपटांची संख्या इतकी, कीं फ्लीट साहेबांनीं १९०१ सालीं त्यांची एक यादीच प्रसिद्ध केली. पूर्वजांना फसविणारे जसे होते तसे त्यांची फसवणूक ओळखणारेही होते, आणि दोघांचीं शास्त्रें जोडीनें वाढत गेलीं.

आतां आपल्या काळाच्या पोथीकडे वळूं. लग्नपत्रिकेपासून सातबाराच्या उताऱ्यापर्यंत बहुतेक कागद आज पीडीएफच्या रूपानें घरीं येतात. १९८२ सालीं जॉन वॉर्नॉक व चार्ल्स गेश्की या दोघांनीं अमेरिकेंत ‘अडोबी’ ही कंपनी काढली, आणि छापणाऱ्या यंत्राला पान कसें उमटवावें हें सांगणारी एक भाषा प्रथम तयार केली. त्या वेळीं अशी अडचण होती कीं, एका संगणकावर सिद्ध केलेला कागद दुसऱ्यावर उघडला म्हणजे टाइप बदले, ओळी सरकत, कोष्टकें मोडत. १९९१ च्या सुमारास वॉर्नॉक यांनीं, कोठेंही उघडला तरी जसाच्या तसा दिसेल अशा कागदाची कल्पना एका टिपणांत मांडली, आणि त्या योजनेला आर्थर राजाच्या कथेंतील राजधानीचें, ‘कॅमेलॉट’ हें नांव दिलें. तिचेंच फळ म्हणजे १९९३ सालीं प्रसिद्ध झालेली पीडीएफ. २००८ सालीं तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला, आणि तेव्हांपासून ती कोणा एका कंपनीच्या मालकीची राहिली नाहीं.

तिचा जन्मच मुळीं न बदलण्यासाठीं झालेला; त्यामुळें तिची घडण लिहित्या वहीसारखी नसून छापून निघालेल्या पानासारखी आहे. फाइलीच्या पोटांत यंत्रासाठीं आज्ञांची एक माळ असते: अमका टाइप घे, पानाच्या अमक्या बिंदूवर जा, हीं अक्षरें उमटव, आतां त्या बिंदूवर जा, हीं उमटव. शब्द कोठें संपला, वाक्य कोठें संपलें, परिच्छेद कोणता, याची दाद तिच्या मूळ रचनेंत नाहीं. म्हणून एखाद्या पानावर ‘रमा’ या नांवाचें ‘रमाबाई’ करावयास जावें तर पुढचे शब्द बाजूला सरून जागा देत नाहींत. ‘बाई’ त्यांच्या अंगावर जाऊन बसते. दुसरी अडचण टाइपांची. फाइल हलकी रहावी म्हणून त्या कागदांत जीं अक्षरें आलीं असतील तेवढ्यांचेच आकार पुष्कळदां तिच्यांत भरतात. सबंध पत्रांत जर ‘ळ’ आलाच नसेल, तर दुरुस्ती करणाऱ्याला त्या वळणाचा ‘ळ’ मिळावयाचा कोठून? यंत्र मग दुसऱ्या कोणत्या तरी टाइपांतला ‘ळ’ उसना आणतें, आणि तो, पंक्तींत चुकून बसलेल्या परक्या पाहुण्यासारखा, जाणत्याच्या नजरेस तात्काळ पडतो. ताम्रपटांतील अक्षराचें वळण पाहून बनावट ओळखणाऱ्या फ्लीट साहेबांना हें पाहून आपल्या धंद्यांत असल्यासारखें वाटलें असतें.

बदलणें इतकें अवघड, तर काढून टाकणें सोपें असेल असें कोणास वाटेल. येथेंच खरी मेख आहे. प्रत्येक पीडीएफच्या शेवटीं समाप्तीची खूण असते. ‘ईओएफ’ अशीं तीन अक्षरें तेथें असतात. तीं पाहिलीं कीं आम्हांस मर्यादामुद्रा आठवते. परंतु या मर्यादेच्या पलीकडे लिहिण्याची मुभा पीडीएफच्या नियमांनींच ठेविली आहे. कागदांत फरक केल्यावर सबंध फाइल नव्यानें न लिहितां, फरकापुरता मजकूर त्या खुणेच्या पुढें जोडावा, एक नवी अनुक्रमणिका द्यावी, आणि पुन्हां समाप्तीची खूण करावी, अशी ती सोय. वाचणारें यंत्र शेवटची अनुक्रमणिका पाहून पान मांडतें, म्हणून आपणांस नवा मजकूर तेवढा दिसतो; जुना मात्र फाइलींत आपल्या जागीं सुखरूप असतो. जाणत्यानें शेवटचा जोड बाजूला केला कीं कालचें पान जसेंच्या तसें पुढें येतें. एखाद्यानें वाक्य काढून टाकिलें, फाइल जपून ठेविली व ती प्रतिपक्षाच्या हातीं दिली, तर अशा स्थितींत त्यानें काढलेलें वाक्य आणि तें काढल्याचा पुरावा हीं दोन्ही आपल्या हातानें दिलीं असें होतें.

यावर तोडगा म्हणून डिजिटल स्वाक्षरी आहे. सही करतेवेळीं फाइलींत जें होतें तेवढ्याची ती हमी घेते, आणि पुढें कोणीं कांहीं जोडलें तर तें मागाहूनचें आहे हें यंत्राला ओळखतां यावें, अशी तिची योजना आहे. सनदेच्या जोडावर मारलेल्या शिक्क्याचेंच हें काम. परंतु शिक्का असून भागत नाहीं. तो पाहणारा कारकूनही सावध लागतो. जर्मनींतील बोखुम येथील विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१९ सालीं असें दाखवून दिलें कीं, संगणकावर पीडीएफ वाचण्याचे जे २२ कार्यक्रम त्यांनीं तपासले त्यांपैकीं २१ जणांना, सही शाबूत असल्याचें भासवून, बदललेला मजकूर दाखवितां येत होता. पुढें या उणिवा बुजविण्याचे प्रयत्न झाले. पण धडा राहिला तो राहिलाच.

आतां काळ्या पट्टीकडे येऊं. वरच्या विवेचनावरून वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल कीं, पट्टी ओढणें म्हणजे आज्ञांच्या माळेंत आणखी एक आज्ञा ओवणें: ‘या ठिकाणीं एक काळा चौकोन उमटव.’ आधीची, अक्षरें उमटविण्याची आज्ञा त्यामुळें रद्द होत नाहीं. यंत्र प्रथम नांव लिहितें आणि मग त्यावर काजळी फासतें. डोळ्याला काजळी दिसते; परंतु मजकूर उचलून दुसरीकडे ठेवणाऱ्या हाताला चौकोनाशीं कर्तव्य नसतें, तो अक्षरेंच उचलतो.

ही चूक आमच्यासारख्या एका मास्तरानें केली तर नवल नाहीं. परंतु ती मोठमोठ्यांनीं केलेली आहे. १९५३ सालीं इराणमध्यें मुसद्दिक यांचें सरकार उलथविण्यांत अमेरिकेच्या गुप्तहेरखात्याचा हात होता; त्याचा त्या खात्यानेंच १९५४ सालीं लिहून ठेविलेला गुप्त वृत्तान्त ‘न्यूयॉर्क टाइम्स’ पत्रानें २००० सालीं प्रसिद्ध केला. कटांत सामील असलेल्या इराणी लोकांच्या कुटुंबीयांस त्रास होऊं नये म्हणून पुष्कळ नांवें संगणकावर काळीं केलीं होतीं. परंतु पान पडद्यावर उतरतांना आधीं अक्षरें येत व मागून काजळी येई. मंद चालणाऱ्या संगणकावर मधल्या क्षणीं पान थांबवून नांवें वाचतां आलीं, व तीं बाहेर पडलीं. ४ मार्च २००५ रोजीं बगदादमध्यें, ओलीस धरलेल्या एका इटालियन पत्रकार बाईची सुटका करून तिला घेऊन येणारा निकोला कालिपारी हा इटालियन अधिकारी अमेरिकन सैनिकांच्या गोळीबारांत ठार झाला. त्या चौकशीचा जो अहवाल अमेरिकन सैन्यानें पुढें प्रसिद्ध केला त्यांत पानेंच्या पानें काळीं होतीं. आणि मजकूर उचलून चिकटवितांच तीं सर्व उजेडांत आलीं, सैनिकांच्या नांवांसुद्धां. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या देशाच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला, मजकूर खरोखर कसा काढावा याची एक मार्गदर्शिका काढावी लागली. तरीही २००९ सालीं विमानतळावरील तपासणीची गुप्त नियमावली याच वाटेनें फुटली, आणि जानेवारी २०१९ मध्यें पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनीं न्यायालयांत दिलेल्या कागदांतही, स्वतःच्या अशिलाविरुद्ध जाणारा मजकूर, काळ्या पट्टीखालीं सर्वांना वाचावयास मिळाला. एकोणीस वर्षांत कोणीं कांहीं शिकलें नाहीं असें दिसतें. याचें कारण अज्ञान हें आहेच. परंतु डोळ्याला जें दिसत नाहीं तें नाहींच, अशी आपल्या मनाची जी जुनी खोड आहे ती त्याहून मोठें कारण आहे.

मग मजकूर खराखुरा काढावयाचा तरी कसा? पट्टी ओढून न थांबतां, त्या आज्ञांच्या माळेंतून तीं अक्षरेंच उपटून काढणारीं साधनें आहेत. त्यांनीं तें काम नीट केलें तरी इतर कोपरे झाडावे लागतात. समासांतील टिपणें, अनुक्रमणिकेचे दुवे, कागद कोणीं व केव्हां केला याची आंतली नोंद, छायाचित्रासारख्या घेतलेल्या पानाखालीं शोधाच्या सोयीसाठीं यंत्रानें लिहून ठेविलेला मजकूर, या सर्वांत तेंच नांव लपून बसलेलें असूं शकतें. एवढें करूनही जी रिकामी जागा राहते ती बोलकी असते. २०२२ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनीं दाखविलें कीं, अक्षरें पूर्णपणें काढलीं तरी मागच्या-पुढच्या अक्षरांच्या जागा सूक्ष्मपणें मोजून, मधें कोणतें नांव मावेल हें पुष्कळदां ताडतां येतें. झिजलेल्या शिलालेखाच्या ओळींत किती अक्षरें गेलीं असावींत हें अंतरावरून ठरविणाऱ्या आमच्या इतिहाससंशोधकांना ही रीत नवी वाटणार नाहीं.

मराठी कागदांत आणखी एक गोम आहे. पीडीएफ अक्षरांचे आकार सांभाळते. ‘कि’ लिहितांना ऱ्हस्व वेलांटी आकारानें आधीं येते व ‘क’ मागून, जोडाक्षर तर पुष्कळदां एकच आकार असतें. आकारावरून मूळ अक्षर कोणतें हें सांगणारें कोष्टक फाइलींत नीट नसेल, तर उचललेला मराठी मजकूर मोडकातोडका निघतो. आणि जुन्या टंकांत, जेथें देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या घरांत बसविलेले असत, तेथें तर निव्वळ रोमन अक्षरांचा कचरा हातीं येतो. यामुळें गुप्तता राखली जाते असें कोणीं समजूं नये. उलट, ‘हें नांव सर्व पानांतून काढ’ अशी आज्ञा यंत्राला दिली तर तें नांव आंत भलत्याच रूपानें नोंदलेलें असल्यामुळें यंत्राला सांपडत नाहीं. सर्व काढलें म्हणून तें कळवितें, आणि नांव पानावर तसेंच राहतें.

येथवर आम्हीं झांकलेलें कसें उघडें पडतें हें सांगितलें. परंतु यावरून, कांहींच काढूं नये किंवा सर्वच निखालस काढावें, असा एकांगी निष्कर्ष आम्ही काढीत नाहीं. काढण्याचीही एक नीति आहे, आणि ती आमच्याच ग्रंथपरंपरेंत शिकावयास मिळते. नाथांनीं शके १५०६ त ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली; पाठांतरांनीं झालेले अपपाठ दूर केले, आणि यापुढें यांत कोणीं आपली ओवी घालील तर तें अमृताच्या ताटांत नरोटी ठेवण्यासारखें होईल, असें बजावून ठेविलें. मर्यादामुद्राच ही. त्यांच्या अधिकाराविषयीं बोलण्याची आमची पात्रता नाहीं. परंतु त्यांनीं काय काढलें हें त्यांच्या प्रतींत नोंदलेलें नाहीं, म्हणून अभ्यासकाला तें आज इतर प्रतींवरून शोधावें लागतें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें, तें १९६६ सालीं पूर्ण झालें; १,२५९ हस्तलिखितें त्यासाठीं तपासलीं गेलीं. त्यांत सहस्रावधि श्लोक मूळ संहितेंतून बाहेर गेले. व्यासांनीं सांगावें व गणपतीनें लिहावें ही घराघरांतून सांगितली जाणारी कथाही सुकथनकरांनीं संपादिलेल्या आदिपर्वांत संहितेबाहेर पडली. महाभारताचा लेखकच महाभारतांतून गेला! परंतु तो नाहींसा झाला नाहीं. ती कथा परिशिष्टांत आहे, व कोणत्या प्रतींत ती मिळते हेंही तेथें नमूद आहे. संपादकाचा निर्णय ज्याला पटत नसेल त्याला तो तपासण्याचें साधन त्याच पुस्तकांत ठेवून दिलेलें आहे.

हे दोन प्रकार एकापुढें एक ठेवले म्हणजे आम्हांस नियम स्पष्ट दिसतो. जें सर्वांचें आहे, म्हणजे ग्रंथ, कायदा, सरकारी अहवाल, जमिनीचा दस्त, त्यांतून कांहीं काढावयाचें तर तें उघड उघड काढावें, काय काढलें व कां काढलें याची खूण ठेवावी; तेथें गुपचुप पुसणें हें बनावट ताम्रपटाचें भावंड आहे. परंतु जें एका माणसाचें आहे, म्हणजे त्याचें दुखणें, त्याचें दारिद्र्य, त्याचा ठावठिकाणा, तें विश्वासानें आपल्या हातीं आलेलें असतें. तें काढावयाचें तर खूण, सावली, पोकळी यांपैकीं कांहींही मागें न ठेवतां काढलें पाहिजे. पहिल्या ठिकाणीं हरताळाखालचें अक्षर वाचतां आलें तर इतिहासाचें कल्याण होतें. दुसऱ्या ठिकाणीं तें वाचतां आलें तर एखाद्या मुलीला वर्गांत मान वर करून बसणें कठीण होतें. आम्हीं दोहोंची गल्लत केली. अहवाल लिहिणारे सेनापति व वकील यांनींही तीच केली. फरक इतकाच कीं त्यांच्या चुकीची वर्तमानपत्रांत चर्चा झाली आणि आमच्या चुकीची एका वर्गांत.

ती विद्यार्थिनी पुढें पदवी घेऊन गेली. आम्हीं तिची क्षमा मागितली व तिनें ती दिली. देणगीदारांस पहिला गोषवारा नष्ट करण्याविषयीं आम्हीं लिहिलें, बहुतेकांनीं तसें केल्याचें कळविलेंही. परंतु ज्यांनीं तो वाचला त्यांच्या मनावरून तो काढून घेण्याचें साधन कोणापाशीं नव्हतें. त्यानंतर दर वर्षीं आम्ही याज्ञवल्क्याचें ऐकत आलों. जुन्या अर्जांवर पट्टी ओढीत बसत नाहीं. दुसरा लेख करतों. कोऱ्या पानावर आरंभापासून नव्यानें टंकून घेतों, आणि ज्यांचीं नांवें कळूं नयेत त्यांचीं नांवें त्यांत मुळांत लिहीतच नाहीं. या कामांत एक सबंध संध्याकाळ जाते. ती जाऊं देण्यास आमची तक्रार नाहीं.